नाश्त्याला काहीही चालतं

आमच्या घरात सकाळची सुरुवात गोडाने व्हायची आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कॉर्नफ्लेक्स, जॅम लावलेला टोस्ट, बिस्किटं, घाईच्या दिवशी पॅकबंद ज्यूस. तक्रार यायची ती साडेदहाच्या सुमारास, पोटातून. मी ऑफिसात, बायको तिच्या कामावर, मुलगी शाळेत, आणि तिघंही त्या वेळेला तोंडात टाकायला काहीतरी शोधतोय. घरी नाना, म्हणजे माझे वडील, तेवढे निवांत. त्यांचा दुसरा टोस्ट साडेदहालाच असतो.

सकाळचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात असतं. बायको सगळ्यांच्या आधी बाहेर पडते, म्हणून रात्रीचा स्वयंपाक तिचा आणि सकाळचा माझा, अशी आमची वाटणी. नाश्ता बदलायचा तर तो मलाच बदलायला लागणार होता. तब्येतीची काळजी वगैरे नंतर आली. आधी आला तो कंटाळा. रोज तोच खोका, तोच वाडगा, तोच चमचा.

एका रविवारी वजनकाटा काढला आणि वाडग्यात रोजच्यासारखं सीरिअल ओतलं. खोक्यावर ‘एका वेळचं प्रमाण’ म्हणून 30 ग्रॅम छापलेलं होतं. काट्यावर आलं 55. मुलीच्या आवडीच्या चॉकलेटवाल्या प्रकारात 30 ग्रॅममागे 9 ग्रॅम साखर होती, म्हणजे तिच्या पोटात 16 ग्रॅमच्या आसपास जात होती. सोबत पेलाभर ज्यूस घेतला तर त्याची आणखी साधारण 20 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसासाठी दिवसाला साधारण 50 ग्रॅम आहे, आणि जमलं तर 25 च्या आत राहा असंही त्यात म्हटलंय. वरून घातलेली साखर, मध, फळांच्या रसातली साखर हे सगळं त्यात धरतात. आमच्या मुलीचा हा 25 चा हिशेब शाळेची बस यायच्या आत पूर्ण होत होता.

मग पर्याय शोधायला लागलो. पहिले काही पर्याय म्हणजे जुन्याच गोष्टी नव्या कपड्यात होत्या. स्मूदी करून पाहिली. दोन मिनिटांत पिऊन होते, चावायला काही नसतं, आणि मिक्सर धुवायला पिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. चिया सीड्सचं पुडिंग केलं. हे बी स्वतःच्या वजनाच्या दसपट पाणी धरून ठेवतं, त्यामुळे रात्री दुधात दोन चमचे टाकलं की सकाळी सगळं घट्ट झालेलं असतं. बायकोने आवडीने खाल्लं. मला त्याला कसलीच चव लागली नाही, आणि चव आणायची म्हणून पुन्हा मध घालावा लागला. साखर मागच्या दाराने आत आलीच.

रात्रभर भिजवलेले ओट्स मात्र टिकले. बाजारात मिळणारे चपटे ओट्स आधी वाफवलेले असतात, म्हणून ते न शिजवता नुसते भिजवूनही खाता येतात, हे मला तेव्हा कळलं. दही आणि दूध निम्मं-निम्मं, त्यात ओट्स, आणि सकाळी वरून किसलेलं सफरचंद. हा प्रकार, म्हणजे मुस्ली, शोधून काढणारे स्वित्झर्लंडचे डॉक्टर माक्सिमिलियन बिर्खर-बेनर. झुरिकच्या त्यांच्या आरोग्यधामात 1900 च्या सुमारास ते रुग्णांना हे देत. त्यांच्या मूळ कृतीत ओट्स जेमतेम चमचाभर, रात्री भिजवलेले, आणि बाकी सगळं सालीसकट किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस, थोडं आटवलेलं दूध आणि कुटलेले बदाम किंवा अक्रोड असायचे. आज खोक्यात मिळणाऱ्या मुस्लीत नेमकं उलटं प्रमाण असतं. मी मूळ प्रमाणाने करून पाहिलं. सफरचंद किसल्याबरोबर लिंबू पिळलं नाही तर ते काळं पडतं, एवढं सांभाळलं की छान लागतं. पण तो नाश्ता नाही, नाश्त्याआधी खायची गोष्ट आहे. बिर्खर-बेनरही ती जेवणाच्या सुरुवातीलाच देत.

इथे मी वाचत सुटलो आणि गाडी रुळावरून घसरली ती बरंच झालं. सकाळी अमुकच खायचं हे ठरवलं कुणी, हा प्रश्न डोक्यात शिरला. सीरिअलपुरतं उत्तर सोपं निघालं. 1863 साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सविल इथे जेम्स केलब जॅक्सन यांनी कोंड्यासकट गव्हाच्या पिठाचे भाजून फोडलेले तुकडे रुग्णांना द्यायला सुरुवात केली. ते इतके कडक असायचे की दुधात चांगले भिजवल्याशिवाय दाताला दाद देत नसत. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग आणि त्यांचा भाऊ विल यांच्या हातून 1894 मध्ये शिजवलेला गहू तसाच पडून राहिला. तो लाटायला घेतला तर दाण्यादाण्याची पापडी निघाली. विल यांनी 1906 मध्ये मक्याच्या पापडीची कंपनी काढली आणि त्यात साखर घातली. डॉक्टरसाहेबांना साखर मान्य नव्हती, आणि दोन्ही भावांचं पुढे कोर्टकचेरीपर्यंत बिनसलं. म्हणजे पथ्याचं खाणं म्हणून सुरू झालेली गोष्ट साखर घातल्यावर घरोघर पोचली.

अंडी आणि बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या, यांचंही असंच. 1920 च्या दशकात अमेरिकेत बेकनचा खप वाढवायचा म्हणून जाहिरातक्षेत्रातले एडवर्ड बर्नेस यांनी एका डॉक्टरला विचारलं की हलका नाश्ता चांगला की भरपेट. त्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना पत्रं पाठवली, ‘भरपेट’ म्हणणाऱ्यांची संख्या वर्तमानपत्रांत छापून आली, आणि शेजारी बेकनचं नाव. हे वाचल्यावर ‘नाश्त्याचे पदार्थ’ या सगळ्या वर्गीकरणावरचाच माझा विश्वास उडाला.

उरलेलं जग सकाळी काय खातं, ते पाहिलं. जपानमध्ये भात, मिसो सूप, भाजलेला मासा आणि लोणचं. इजिप्तमध्ये रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) बिया, वरून जिरं, लिंबू आणि तेल, ज्याला ते फूल मुदम्मस म्हणतात. व्हिएतनाममध्ये शेवयांचं गरम सूप, फो. कोस्टा रिका आणि निकाराग्वामध्ये गायो पिंतो, म्हणजे आदल्या दिवशीचा भात आणि घेवडा एकत्र परतून. मेक्सिकोत शिळ्या तोर्तियाचे, म्हणजे मक्याच्या पोळीचे तुकडे तळून सालसात मुरवलेले चिलाकिलेस. यात गोड शोधूनही सापडत नाही, आणि निम्म्याहून जास्त गोष्टी आदल्या रात्रीच्या आहेत. सकाळी सहाला उठून कुणी बाकला शिजवायला घेत नाही.

मला काय करायचंय ते इथे स्वच्छ दिसलं. नवीन नाश्ता शोधायचा नव्हता. दुपारी आणि रात्री आपण जे खुशाल खातो त्याला सकाळी येऊ द्यायचं होतं, आणि त्यासाठीची मेहनत आदल्या रात्री उरकायची होती.

जेवताना मी ही कल्पना मांडली. नाना म्हणाले, “सकाळी सकाळी डाळ? मी काय आजारी आहे?” मुलीने विचारलं, “मग रात्रीचा पिझ्झा सकाळी चालेल?” तर्काला धरूनच होतं, त्यामुळे मला हो म्हणावं लागलं. बायको शांतपणे म्हणाली, “म्हणजे तुझा नाश्तासुद्धा आता मीच करायचा, रात्री.”

तिचा मुद्दा बिनतोड होता. उरलेल्यावर नाश्ता चालवायचा तर आधी काहीतरी उरायला हवं, आणि ते उरवणारी ती. शेवटी असं ठरलं की ती भात, डाळ, भाजी यातलं एखादं मुद्दाम वाढवून करेल, पण गॅस बंद झाल्यानंतरचं सगळं माझं. निववणं, डब्यात भरणं, कडधान्यं भिजत घालणं, पीठ कालवणं, ओटा आवरणं. झोपण्याआधी माझी वीसेक मिनिटं जातात. सकाळची तेवढीच वाचतात, म्हणजे नफा वेळेचा नाही. नफा इतकाच की ही वीस मिनिटं बसच्या हॉर्नखाली काढावी लागत नाहीत.

उरलेल्या भाताबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण यात हयगय चालत नाही. शिजलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की त्यात बॅसिलस सिरिअस नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातूनही वाचतात, आणि तो जे विष तयार करतो ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. ‘सकाळी चांगला वाफवून घेऊ’ हा हिशेब म्हणूनच लागू पडत नाही. ब्रिटनमधला अधिकृत सल्ला असा की भात तासाभरात निववून फ्रिजमध्ये टाकावा, चोवीस तासांत संपवावा आणि एकदाच गरम करावा. मी पातेल्यातला जास्तीचा भात जेवायला बसायच्या आधीच परातीत पसरतो. जेवण होईपर्यंत तो निवतो आणि उथळ डब्यात भरला जातो. नानांचा शिळ्या अन्नावर जुना राग आहे आणि तो अगदीच निराधार नाही. फ्रिज नसलेल्या घरात त्यांचं लहानपण गेलं. परातीचा हा कार्यक्रम रोज डोळ्यांसमोर व्हायला लागल्यावर ते थोडे निवळले.

फ्रिजमध्ये राहिलेल्या भाताचा एक फायदाही आहे. थंड झाल्यावर त्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट रचना धरतो आणि लहान आतड्यात पचत नाही, तंतूंसारखा पुढे जातो. बटाट्याचंही तसंच. गरम केल्यावर त्यातला थोडा टिकतो. फार मोठा चमत्कार नाही, पण परतायला हा भात ताज्यापेक्षा केव्हाही चांगला, कारण दाणा मोकळा राहतो. इंडोनेशियातला नासी गोरेंग म्हणूनच आदल्या दिवशीच्या भाताचा करतात.

माझा सगळ्यात लाडका शोध मात्र भाताचा नाही, तांदळाचा आहे. चिनी पद्धतीची पातळ पेज, कॉन्जी, एरवी तास-दीड तास उकळत ठेवावी लागते. तांदूळ एक वाटी असेल तर पाणी आठ ते दहा वाट्या, आणि दाणा फुटून पाण्यात विरघळेपर्यंत ढवळत राहायचं. सकाळी हे कोण करणार? पण तांदूळ धुऊन, अर्धा तास भिजवून, निथळून फ्रीझरमध्ये ठेवला तर वीस मिनिटांत तेच काम होतं. दाण्याने शोषलेल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि दाण्याला आतून बारीक चिरा पडतात. पिशवीत तांदूळ एका बोटाएवढ्या जाडीचा पसरून आडवा ठेवायचा. गोळा करून ठेवला तर सकाळी दगड निघतो आणि ओट्यावर आपटावा लागतो, ज्याने नाना जागे होतात.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा पातेल्यासमोरून हललो नाही. उकळत्या पाण्यात गोठलेला तांदूळ पडला आणि उकळी बसली. पुन्हा उकळी येईपर्यंत काहीच घडल्यासारखं वाटलं नाही. दहाव्या मिनिटाला दाण्यांची टोकं उमलायला लागली, प्रत्येक दाणा मधून उलून पांढरा फुलला. पंधराव्या मिनिटाला पाणी दुधी झालं, आणि मी पळी खाली-वर करत जोरात ढवळलं तेव्हा सगळं एकजीव होऊन पळीवर चढायला लागलं. मीठ शेवटी. वर किसलेलं आलं, पातीचा कांदा, दोन थेंब सोया सॉस, असेल तर उकडलेलं अंडं. आजारपणातलं खाणं म्हणून मी या प्रकाराकडे कधी फिरकलो नव्हतो. आल्याचा तिखटपणा आणि सोयाचा खारटपणा वर आला की पेजेचा मवाळपणा खटकत नाही, उलट त्या दोघांना तो उठाव देतो. पाऊस असेल त्या दिवशी बायको निघायची वेळ दहा मिनिटं पुढे ढकलते.

एक दोष आहे. नुसती पेज खाल्ली तर साडेदहाला भूक हजर, कारण वाडग्यात बहुतेक पाणीच असतं. अंडं किंवा रात्रीची घट्ट डाळ सोबत हवीच.

चण्याच्या पिठाकडे वळलो ते याच कारणाने. शंभर ग्रॅम पिठात वीस ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा-एक. फ्रान्समधल्या नीस शहरात सोका आणि इटलीत जेनोआला फारिनाता नावाने चण्याच्या पिठाची मोठी पातळ चकती लाकडाच्या भट्टीत भाजतात. पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस. धिरडं आपल्याला माहीत असतंच, त्यामुळे यात नवं काय, असं मला वाटलं होतं. नवं आहे ते मुरण्यात आणि आचेत.

शंभर ग्रॅम पिठाला मी 220 मिली पाणी घेतो. रात्री कालवून ओट्यावर झाकून ठेवतो, उकाड्याच्या दिवसांत फ्रिजमध्ये. सकाळी वर फेस आलेला असतो, तो चमच्याने काढून टाकायचा. पिठातला कच्चा वास रात्रभरात पुष्कळ कमी होतो. तरी कालवलेलं पीठ चाखून बघू नये, कडू लागतं आणि उगाच धीर सुटतो. बिडाचा तवा ओव्हनमध्ये ठेवून ओव्हन जितकं तापेल तितकं तापवायचं. तव्यात तेल जरा सढळ हाताने, आणि मिश्रण ओतल्यावर ते कडेला चर्र वाजलं पाहिजे. नाही वाजलं तर तवा तापलेला नाही, आणि मग खालून चिकटणार. दहा-बारा मिनिटांत कडा तपकिरी होऊन तव्यापासून सुटतात, मधला भाग मऊ राहतो. वर भरपूर मिरपूड. उलटायची भानगड नाही, आणि हाच मोठा फायदा. एक एक करून तव्यापाशी उभं राहायचं नाही, चौघांचं एकदम होतं. तोवर मी डबे भरतो. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर होतं, फक्त वरची बाजू फिकी राहते.

यात आदल्या रात्रीची कुठलीही कोरडी भाजी पसरून घालता येते. फ्लॉवर उत्तम. वांगं नको, पाणी सोडतं. मुलीने एकदा मक्याचे दाणे आणि चीज घातलं आणि त्याला पिझ्झा म्हणून जाहीर केलं. त्यानंतर खऱ्या पिझ्झ्याची मागणी बरीच कमी झाली आहे.

अंड्याचा एक प्रकार सांगतो आणि पुढे जातो, कारण अंडं सकाळी खातातच. तुर्कस्तानातला चिलबिर. लसूण मिठाबरोबर ठेचून घट्ट दह्यात कालवायचा, वर पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं, आणि लोण्यात लाल मिरचीची भरड तडतडवून त्याची धार. दही आधी बाहेर काढून ठेवायला हवं, नाहीतर अंडं थंड पडतं. अंडं पाण्यात सोडण्याआधी बारीक चाळणीत फोडून त्यातला पातळ पांढरा भाग गाळून टाकला तर चिंध्या होत नाहीत. सकाळी लसूण खाऊन ऑफिसात जायचं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी जातो.

कडधान्यांवर मी सुरुवातीला फार भरवसा ठेवला होता, तो पूर्ण खरा ठरला नाही. अख्खा मसूर बरा, न भिजवता पंचवीस मिनिटांत शिजतो, फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो, आणि सकाळी कांदा-टोमॅटो-लिंबू घालून वाटीभर खाल्ला की जेवणापर्यंत भूक आठवत नाही. लिंबाच्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोहही शरीरात जास्त शोषलं जातं. काबुली चणे शिजवून थोडं पाणी काढून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. फूल मुदम्मससाठी सुका बाकला आणला होता, नानांना चव पसंत पडली नाही, मला आवडली. (जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांना बाकला बाधतो, तेवढं घरात माहीत असावं.) राजम्याच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं तो खळखळून उकळायलाच हवा, अमेरिकेचं एफडीए तर 30 मिनिटं सांगतं. रात्रभर मंद आचेवर ठेवून सकाळी आयता मिळेल असा बेत राजम्यासाठी करू नये, कमी तापमानात ते विष नाहीसं होत नाही. प्रेशर कुकर त्यासाठीच आहे.

पण कडधान्य रोज सकाळी चौघांनाही झेपत नाही. पोट हळूहळू सरावतं म्हणतात, आणि काही अंशी ते खरंही आहे. तरी शाळेत पहिल्या तासाला पोट गुरगुरणं मुलीला मंजूर नव्हतं. आठवड्यातून दोनदा, एवढ्यावर तह झाला.

नानांचं काय, हा खरा पेच होता. ते दातांमुळे सावकाश खातात, बदल त्यांना नको असतो, आणि टोस्ट ही त्यांची सकाळ आहे. त्यांच्यासाठी पावापासूनच काही मिळतंय का बघताना स्पेनमधले मिगास हाती लागले. हे मेंढपाळांचं खाणं. शिळा पाव हाताने कुस्करायचा, त्यावर रात्री मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. सकाळी भरपूर तेलात अख्ख्या लसणाच्या पाकळ्या लाल करून बाजूला काढायच्या, त्याच तेलात लाल तिखट टाकून लगेच पाव, आणि मग सारखं परतत राहायचं. पाणी फक्त हबक्याइतकंच. हाताने दाबल्यावर गोळा व्हायला नको, नुसता दमट लागायला हवा. पंधरा मिनिटांत बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असे बारीक तुकडे तयार होतात. नानांनी पहिला घास घेऊन विचारलं, “हा पावच आहे ना?” मी हो म्हणालो. “मग ठीक आहे.” एवढीच पावती, पण वाटी रिकामी झाली. आता ते स्वतः कडक झालेला पाव माझ्यासाठी फडक्यात बांधून ठेवतात.

ओट्सचं गोड रूप बायकोकडे राहिलं, मी तिखटाकडे गेलो. चमचाभर लोण्यात ओट्स आधी खरपूस भाजायचे, मग भाज्या उकळलेलं पाणी घालून पाच मिनिटं. वर अंडं, पातीचा कांदा, थोडं चीज. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचे विरघळणारे तंतू असतात, दिवसाला 3 ग्रॅम पोटात गेले तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, असा दावा खोक्यावर छापायला अमेरिकेत 1997 मध्ये परवानगी मिळाली. चाळीस ग्रॅम ओट्समध्ये साधारण त्याच्या निम्मे मिळतात. हे वाचून बरं वाटतं, पण मी खातो ते खरपूस वासासाठी. भाजल्याशिवाय केलेले तिखट ओट्स म्हणजे खळ.

मुलीची भर वेगळी. तिने रात्रीचे नूडल्स दोन अंड्यांत कालवून तव्यावर थापले, खालून लाल झाल्यावर ताटलीवर उलटून दुसरी बाजू भाजली आणि सुरीने त्रिकोण कापले. हा आपला स्वतःचा शोध आहे यावर ती ठाम आहे. नेपल्समध्ये उरलेल्या स्पॅगेटीचा असाच फ्रित्ताता करतात, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

साडेदहाची भूक गेली का? पेजेच्या दिवशी नाही, बाकी दिवशी बहुतेक गेली. वजनकाट्यावर माझ्यात काही फरक नाही, आणि मी तो शोधतही नाही. सीरिअलचा खोका घरात अजून आहे. सगळे उशिरा उठतात तेव्हा तो निघतो आणि कुणाला वाईट वाटत नाही. फक्त तो एकटा येत नाही, सोबत उकडलेलं अंडं किंवा मसूर असतो.

कुणी विचारलं सुरुवात कुठून करू, तर मी तांदळाची पिशवी सांगतो. फ्रीझरमध्ये ती दोन महिने आरामात राहते आणि फसली तरी वाटीभर तांदळाचंच नुकसान. एका पिशवीत एका सकाळपुरताच तांदूळ भरा, हवा काढा आणि वर मार्करने ‘पेज’ असं लिहा. आमच्या फ्रीझरमध्ये चणे, तांदूळ आणि किसलेलं खोबरं सगळं सारखंच पांढरट दिसतं, आणि सकाळी सव्वासहाला पिशवी उघडून वास घ्यायची कुणाची तयारी नसते.